क्रूझवर काही वाईट घडलं तर दाद कुणाकडे मागायची?

शर्वरी_म (धागाकर्ती)

माझी बहीण, मेहुणे, बहिणीच्या सासूबाई आणि दोन मुलं पहिल्यांदाच मोठ्या क्रूझवर निघाले आहेत. भाची पंधरा वर्षांची, भाचा तिच्याहून बराच लहान. कुठल्या डेकवर कोणता पूल, कुठल्या रात्री कोणता कार्यक्रम, ही सगळी माहिती एजंटने दिली. मी विचारलं, की भाचीची कुणी छेड काढली, रात्री कुणी केबिनमध्ये शिरलं किंवा कुणी दिसेनासं झालं, तर तक्रार कुठे करायची? "जहाजावर सिक्युरिटी असते," एवढंच उत्तर आलं.

म्हणून गेले काही दिवस वाचते आहे. सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की जहाजावर पोलीस नसतात. तीन-चार हजार प्रवासी आणि हजार-दीड हजार कर्मचारी म्हणजे एक छोटं गावच, पण गावात ठाणं नाही. सुरक्षारक्षक कंपनीचे, डॉक्टर कंपनीने नेमलेले, कॅमेरे कंपनीचे, केबिन साफ करणारा माणूसही कंपनीचा. गुन्ह्याची पहिली खबर ज्याच्याकडे जाते, त्याच्यावरच उद्या नुकसानभरपाईचा दावा लागू शकतो.

२००४ च्या ऑगस्टमध्ये 'मर्क्युरी' नावाच्या जहाजावरून अलास्काच्या सफरीत एक अमेरिकन स्त्री नाहीशी झाली. ती केबिनमध्ये झोपायला येत नाही, हे केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं होतं. त्याने वरिष्ठाला सांगितलंही. पुढे काहीच झालं नाही. सफर संपली, तिचं सामान बांधून ठेवलं गेलं आणि तपास यंत्रणेला कळायला काही आठवडे गेले, तेही तिचे वडील केंडल कार्व्हर हात धुऊन मागे लागले म्हणून. या गृहस्थांनी २००६ मध्ये इतर पीडित कुटुंबांना सोबत घेऊन 'इंटरनॅशनल क्रूझ व्हिक्टिम्स' ही संघटना उभी केली.

घाबरवण्यासाठी धागा काढलेला नाही. बहिणीची सहल रद्द व्हावी असंही मला वाटत नाही. पण जाण्याआधी तिला नेमकं काय माहीत असायला हवं? कायदा जाणणाऱ्यांनी आणि जहाजावर काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

प्रसन्न_व

काळजी समजू शकतो, पण थोडं प्रमाणात बघायला हवं. जगभरात वर्षाला ३ कोटींहून अधिक लोक क्रूझने जातात. त्यातले बहुतेक सुखरूप परत येतात आणि पुन्हा जातात. जहाजावर चढणाऱ्या प्रत्येकाची ओळख कंपनीकडे असते, सामान तपासलं जातं, जागोजागी कॅमेरे असतात. एवढी तपासणी कुठल्या मोठ्या हॉटेलात होते? मी दोन्ही आई-वडिलांना घेऊन गेलो आहे आणि मला तरी ते शहरातल्या रस्त्यापेक्षा सुरक्षित वाटलं. बातम्या वाचून माणूस नको तेवढा घाबरतो.

---

कौमुदी

प्रसन्न, हॉटेलातून शंभर नंबर फिरवता येतो. हॉटेलवाला नको म्हणाला तरी पोलीस येतात. शर्वरी तोच फरक सांगतेय.

---

सुनंदा_वकील

शर्वरी, कायद्याची बाजू जमेल तेवढी सोपी करून लिहिते.

जहाजाच्या पाठीमागे जे बंदराचं नाव लिहिलेलं असतं ते आधी वाचावं. नसाऊ, पनामा, व्हॅलेटा, हॅमिल्टन अशी नावं दिसतील. कंपनीचं मुख्यालय मायामीत असलं तरी जहाजाची नोंदणी बहामाज, पनामा, माल्टा, बर्म्युडा अशा देशांत असते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्यानुसार खुल्या समुद्रात जहाजावर मुख्यतः त्या झेंड्याच्या, म्हणजे नोंदणीच्या, देशाचाच अधिकार चालतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत आलं, की त्या किनाऱ्याच्या देशालाही काही परिस्थितींत हात घालता येतो. बंदराला लागल्यावर तिथले पोलीस चढू शकतात. म्हणजे एकाच आठवड्याच्या सफरीत तुम्ही तीन-चार वेगवेगळ्या कायद्यांखालून जाता, आणि गुन्हा नेमका कुठे असताना घडला यावर सगळं ठरतं. म्हणून घटनेची वेळ मिनिटासकट लिहून ठेवणं फार मोलाचं. वेळेवरून जहाजाची जागा काढता येते.

झेंड्याचा देश काय तपास करतो, याचं एक उदाहरण देते. २०११ च्या मार्चमध्ये 'डिस्ने वंडर' या जहाजावरची २४ वर्षांची ब्रिटिश कर्मचारी मेक्सिकोजवळच्या समुद्रात नाहीशी झाली. जहाज लॉस एंजेलिसहून सुटलेलं, मुलगी ब्रिटिश, पण झेंडा बहामाजचा. तपासाला बहामाजहून एक पोलीस अधिकारी आला. एक. तिच्या आई-वडिलांनी नंतर वर्षानुवर्षं उत्तरं मागितली.

या बाबतीत अमेरिकेने थोडं पुढचं पाऊल टाकलं. २०१० मध्ये क्रूझ जहाजांच्या सुरक्षेचा स्वतंत्र कायदा झाला आणि त्यात कार्व्हर यांच्यासारख्या कुटुंबांच्या रेट्याचा मोठा वाटा होता. अमेरिकन बंदरांत प्रवासी चढवणाऱ्या किंवा उतरवणाऱ्या, किमान २५० प्रवासी नेणाऱ्या, रात्रीच्या मुक्कामाच्या जहाजांना तो लागू आहे. खून, संशयास्पद मृत्यू, अमेरिकन नागरिक बेपत्ता होणं, अपहरण, गंभीर दुखापत, लैंगिक अत्याचार, जहाजाला आग लावणं किंवा त्यात छेडछाड करणं, आणि १०,००० डॉलरवरची चोरी, हे सगळं एफबीआयला कळवणं बंधनकारक झालं. कठडे किमान ४२ इंच उंच हवेत, केबिनच्या दाराला बाहेरचा माणूस दिसेल अशी सोय हवी, कोणत्या कर्मचाऱ्याला केबिनमध्ये केव्हा शिरता येईल याचे नियम हवेत. लैंगिक अत्याचारानंतर पुरावा गोळा करण्याचं साहित्य आणि संसर्ग टाळणारी औषधं जहाजावर हवीत.

आणि कुणालाच माहीत नसलेलं एक कलम. पीडित व्यक्तीला एफबीआय, तटरक्षक दल, वकिलात यांचे संपर्क, खासगी फोन आणि इंटरनेट असलेला संगणक विनामूल्य आणि ताबडतोब मिळाला पाहिजे. तिच्या वैद्यकीय तपासणीचे कागद तिच्या लेखी संमतीशिवाय कंपनीला देता येत नाहीत. हे मागून घ्यायचं. मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देईल अशा भरवशावर राहू नये.

आपण अमेरिकन नागरिक नसू तर मात्र खुल्या समुद्रातल्या घटनेत एफबीआयचा अधिकार बराच आक्रसतो. अशा वेळी आपल्या देशाच्या वकिलातीला पहिल्या दिवशी कळवणं आणि पुढच्या बंदरात स्वतः उतरून स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवणं, या दोन गोष्टी तुमच्या हातात असतात.

---

प्रसन्न_व

सुनंदाताई, माहितीबद्दल आभार. पण मग या कायद्यामुळे आकडे जाहीर होत असतील ना? त्यावरून तरी प्रमाण कळावं.

---

सुनंदा_वकील

होतात. त्यांचीही एक कथा आहे. सुरुवातीला फक्त एफबीआयने चौकशी बंद केलेली प्रकरणंच जाहीर होत. चालू असलेली नाहीत, आणि जी प्रकरणं एफबीआयने हाती घेतलीच नाहीत तीही नाहीत. त्यामुळे कागदावर जहाजं अगदी स्वच्छ दिसत. २०१३ मध्ये सिनेटर जॉन रॉकफेलर यांच्या समितीने यावर सुनावणी घेतली आणि कायदा दुरुस्त झाला. आता अमेरिकेचं परिवहन खातं दर तिमाहीला कंपनीनुसार तक्ते टाकतं. कुठल्याही तिमाहीचा तक्ता उघडा, लैंगिक अत्याचाराचा रकाना सगळ्यांत भरलेला दिसेल. रॉकफेलर समितीच्याच अहवालात नोंदवलं होतं, की कळवल्या गेलेल्या लैंगिक अत्याचारांच्या तक्रारींत सुमारे एक तृतीयांश पीडित अल्पवयीन होते.

प्रवाशांच्या संख्येच्या मानाने हे आकडे लहान आहेत, हे तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. पण हे तक्ते अमेरिकेशी संबंधित प्रवासांपुरतेच आहेत, त्या ठरावीक गुन्ह्यांपुरतेच आहेत, आणि जे कळवलं गेलं तेवढंच त्यांत येतं. जगातल्या बाकीच्या जहाजांचा असा एकत्र हिशेब कुठेही जाहीर होत नाही.

---

उत्तररात्र

मी बरीच वर्षं जहाजांवर काम केलं, त्यातली शेवटची सुरक्षा विभागात. आता किनाऱ्यावर आहे. आतून ते कसं चालतं ते लिहितो.

सुरक्षा विभागात पूर्वी सैन्यात किंवा पोलिसात असलेली माणसं बरीच असतात आणि त्यातली अनेक खरोखर चांगली असतात. पण आम्हाला पोलिसांचे अधिकार नसतात. आम्ही कप्तानाच्या हुकमाने एखाद्याला केबिनमध्ये पहाऱ्यात ठेवू शकतो, किंवा जहाजावर एक लहान कोठडी असते तिथे ठेवू शकतो. जबाब लिहितो, खोली सील करतो, फोटो काढतो. पुढच्या बंदरात ताब्यात देतो. मधल्या काळात तपासाची सगळी गुणवत्ता त्या रात्रीच्या ड्युटी ऑफिसरवर अवलंबून.

पुराव्याच्या दोन गोष्टी प्रवाशांनी लक्षात ठेवाव्यात. एक, केबिनचं कुलूप. कार्ड लावून दार उघडलं की कोणत्या कार्डाने, किती वाजता, याची नोंद कुलपात आणि संगणकात राहते. कर्मचाऱ्याच्या कार्डाचीही राहते. "तुमच्या केबिनमध्ये कुणी आलंच नव्हतं" असं कुणी म्हणालं, तर या नोंदीची लेखी मागणी करा. दोन, कॅमेरे. कॉरिडॉर, लिफ्टच्या समोरची जागा, बार, डेक इथे कॅमेरे असतात, केबिनच्या आत नसतात. प्रवाशांना वाटतं चोवीस तास कुणीतरी पडद्यांकडे बघत बसलेलं असतं. शेकडो कॅमेऱ्यांकडे कुणी बघू शकत नाही. बहुतेक वेळा घटना घडून गेल्यावरच मागे जाऊन पाहिलं जातं, आणि जुनं चित्रण ठरावीक काळाने पुसून त्यावर नवं चढतं. म्हणून "अमुक डेक, अमुक वेळ ते अमुक वेळ, हे चित्रण जपून ठेवा" असं गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर लिहून द्या आणि दिलेल्या कागदाचा आपल्या फोनवर फोटो काढा. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी हवेत विरतं.

केबिन आवरून घेऊ नका. हे फार महत्त्वाचं. जहाजावर दिवसातून एकदा-दोनदा केबिन साफ होते, चादरी धुलाईला जातात. रात्रीचा पुरावा सकाळी साबणात जातो, त्यात कुणाचा वाईट हेतू असायची गरजही नाही. दाराबाहेर 'आत येऊ नका'चा फलक लावा आणि सुरक्षा विभागाला खोली सील करायला सांगा. तुम्हाला दुसरी केबिन देणं ही त्यांची जबाबदारी.

आणखी एक बोलायचं आहे. कर्मचाऱ्यांबद्दल सरसकट संशय नको. बहुतेक मुलं-मुली घरापासून सहा-आठ महिने दूर राहून, दिवसाचे दहा-बारा तास राबून घरी पैसे पाठवतात. प्रवाशांशी शारीरिक जवळीक केल्याचं आढळलं तर नोकरी जाते. आणि पीडितांमध्ये कर्मचारी मुलीही असतात. प्रवाशाकडूनही त्रास होतो, वरिष्ठाकडूनही. त्यांची अवस्था अधिक बिकट, कारण तक्रार करायची ज्याच्याकडे, कंत्राटाचं नूतनीकरणही त्याच्याच हातात.

---

शर्वरी_म

उत्तररात्र, हे सगळं बहिणीला जसंच्या तसं पाठवते आहे. कुलपाच्या नोंदीबद्दल मी कुठेच वाचलं नव्हतं. एक विचारते, कर्मचाऱ्यावरच आरोप असेल तर काय होतं?

---

उत्तररात्र

त्याला कामावरून बाजूला काढतात, चौकशी होते आणि बहुतेकदा नोकरीवरून काढून पुढच्या बंदरातून मायदेशी पाठवतात. पीडित कुटुंबांचा सगळ्यात जुना आक्षेप हाच आहे. माणूस विमानात बसून आपल्या देशात गेला, की त्याला परत आणून खटला चालवणं जवळजवळ अशक्य होतं. पोलीस जहाजावर येऊन त्याचा जबाब घेईपर्यंत त्याला उतरवू नका, ही मागणी लेखी करा आणि तीच प्रत वकिलातीलाही पाठवा.

---

डॉ_मीनल

वैद्यकीय बाजू लिहिते, कारण इथे तासांचा हिशेब आहे.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर तपासणी होईपर्यंत आंघोळ करू नये, कपडे बदलावे लागले तर ते धुऊ नयेत आणि प्लास्टिकच्या नव्हे, कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुने खराब होतात. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकी जास्त उपयोगी. गर्भधारणा टाळणाऱ्या तातडीच्या गोळ्यांची कमाल मुदत प्रकारानुसार ३ ते ५ दिवस, पण तिथेही उशीर नकोच. पुढच्या बंदरापर्यंत दोन दिवस समुद्रातच जाणार असतील तर हे सगळं जहाजाच्या दवाखान्यातच मागायला हवं.

पेयात काही मिसळल्याचा संशय असेल तर लघवीचा नमुना ताबडतोब द्यावा. जीएचबी नावाचं गुंगीचं द्रव्य लघवीतून साधारण १२ तासांत नाहीसं होतं, रक्तातून त्याहूनही आधी. सकाळी उठल्यावर "मला काहीच कसं आठवत नाही" असं वाटत असेल तर तीच वेळ आहे. दुपारपर्यंत वाट पाहिली तर हाती काही लागत नाही.

याच द्रव्याने २००२ च्या सप्टेंबरमध्ये 'पॅसिफिक स्काय' जहाजावर एका ऑस्ट्रेलियन महिलेचा जीव घेतला. तीन मुलांची आई, सिडनीहून निघालेलं जहाज, पहिलीच रात्र संपून दुसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी पुरुषांच्या केबिनमध्ये मृतावस्थेत सापडली. शरीरात मद्य आणि जीएचबी. न्यू साउथ वेल्सच्या कोरोनरपुढे (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा न्यायाधिकारी) चौकशी २००६ साली सुरू झाली आणि त्यात जहाजावरच्या वातावरणाबद्दल, पुरावा कसा हाताळला गेला याबद्दल जे बाहेर आलं ते वाचवत नाही. खुनाची किंवा मनुष्यवधाची शिक्षा कुणालाही झाली नाही. पुढे ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१३ मध्ये समुद्रावरच्या गुन्ह्यांवर स्वतंत्र अहवाल दिला, त्याला हीच घटना कारण होती.

पंधरा वर्षांच्या मुलीला हे सगळं तपशिलात सांगायची गरज नाही. पण दुसऱ्याने आणून दिलेलं पेय घ्यायचं नाही आणि आपला ग्लास सोडून गेलं तर तो पुन्हा प्यायचा नाही, एवढं स्पष्ट सांगावं. आणि चक्कर आल्यासारखं, जीभ जड झाल्यासारखं वाटलं तर कुणाच्याही केबिनमध्ये 'जरा पडायला' न जाता थेट आई-वडिलांकडे.

---

कौमुदी

मीनल, शेवटचं वाक्य प्रत्येक आईने लिहून घ्यावं.

आमचा अनुभव सांगते. कंपनीचं नाव सांगत नाही. माझी मुलगी तेव्हा चौदाची. जहाज म्हणजे बंद आवार, मुलं कुठे जाणार, असं सगळेच म्हणत होते आणि तिथे किशोरवयीन मुलांसाठी वेगळा क्लब होता. रात्री उशिरापर्यंत तो चालतो, पण मुलं आपली आपण येऊ-जाऊ शकतात, कुणी सही घेत नाही. लहान मुलांच्या क्लबात आई-वडील आल्याशिवाय सोडत नाहीत, या मुलांना सोडतात. हा फरक आम्हाला तिथे गेल्यावर कळला. एका रात्री लिफ्टमधून एक मोठा माणूस तिच्या मागोमाग आमच्या डेकवर उतरला आणि केबिनच्या क्रमांकाबद्दल विचारू लागला. ती आमच्या दारापाशी थांबलीच नाही, तशीच पुढे चालत जाऊन दुसऱ्या लिफ्टने रिसेप्शनच्या डेकवर गेली आणि तिथून आम्हाला फोन केला. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिला सुचलं. काउंटरवरच्या बाईंनी ऐकून घेतलं, पण सुरक्षा विभागाचा माणूस यायला एवढा वेळ लागला की आम्ही तिघं तिथे ताटकळत उभे होतो. "त्याने काही केलं तर नाही ना?" हा त्याचा पहिला प्रश्न. तो प्रश्न मला आजही टोचतो.

त्यामुळे शर्वरी, भाचीला एवढं नक्की सांग, की कुणी मागे येतंय असं वाटलं तर आपली केबिन दाखवायची नाही, गर्दीच्या डेकवर जायचं. बहिणीला म्हणावं, रात्री ठरलेल्या वेळेला कुणीतरी क्लबच्या दाराशी आणायला जा, ती कितीही कुरकुरली तरी. आणि केबिनमधल्या फोनवरून सुरक्षा विभागाचा नंबर चढल्या चढल्या एकदा फिरवून बघा. आम्हाला त्या रात्री तो शोधावा लागला.

---

प्रसन्न_व

कौमुदी, हे वाचून अंगावर काटा आला. मी वर प्रमाणाबद्दल बोललो ते आकड्यांच्या दृष्टीने चुकीचं नाही असं मला अजूनही वाटतं. पण "त्याने काही केलं तर नाही ना" असं विचारणारी यंत्रणा असेल तर आकड्यांत ही घटना येणारच नाही, हे मान्य.

---

वाटसरू_२

कुणी कठड्यावरून समुद्रात पडलं तर लगेच कळतं का? एवढे कॅमेरे असतात म्हणता.

---

उत्तररात्र

बऱ्याचदा लगेच कळत नाही. जहाजाचा २० नॉटचा वेग म्हणजे ताशी साधारण ३७ किलोमीटर. सोबतच्या माणसाच्या लक्षात यायला एक तास गेला तर शोधायचं क्षेत्र तेवढं लांब पसरतं, त्यात वारा आणि प्रवाह वेगळेच. माणूस पडल्याचं आपोआप ओळखणारी यंत्रणा उपलब्ध आहे. उष्णता टिपणारे कॅमेरे, रडार वगैरे. २०२० मध्ये त्यासाठी आयएसओचं मानकही आलं, क्रमांक २११९५. पण २०१० च्या अमेरिकन कायद्यातलं वाक्य 'असं तंत्रज्ञान उपलब्ध असेल त्या मर्यादेत' असं सैल आहे, त्यामुळे काही जहाजांवर ती बसली आणि अनेकांवर नाही. माझ्या मते आज ही सबब चालायला नको. हजारो माणसं नेणाऱ्या जहाजावर ही यंत्रणा सक्तीची हवी.

कठडा छातीच्या आसपास येतो, चालता चालता तोल जाऊन माणूस पलीकडे पडत नाही. पडणाऱ्यांत मद्याच्या अमलाखाली कठड्यावर बसलेले, शेजारच्या बाल्कनीत चढून जाऊ पाहणारे असतात, आणि स्वतःहून उडी मारणारेही. मुलं असतील तर बाल्कनीतली खुर्ची आणि टेबल कठड्यापासून लांब, नाहीतर सरळ आतच ठेवा.

कुणी पडताना दिसलं तर नजर हटवू नका, बोट त्या दिशेला धरून ठेवा, ओरडा, आणि तरंगेल ते काहीही, अगदी खुर्चीची गादीसुद्धा, पाण्यात फेका. दुसऱ्याला फोनकडे पिटाळा. बऱ्याच जहाजांवर 'ऑस्कर, ऑस्कर, ऑस्कर' अशी घोषणा ऐकू आली तर माणूस पाण्यात आहे असा अर्थ. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोच्या आखातात 'कार्निव्हल व्हॅलर'वरून पडलेला प्रवासी १५ तासांहून अधिक काळ पाण्यात राहूनही जिवंत सापडला, कारण पाणी उबदार होतं. अलास्काच्या पाण्यात मिनिटांचा खेळ असतो.

बेपत्ता माणसाबद्दल एकच सांगतो. "थोडी वाट बघू, कुठेतरी बसला असेल" यात पहिले दोन तास जातात. ठरलेल्या वेळेला माणूस आला नाही आणि फोन लागत नाही, तर लगेच कळवा. नंतर तो बारमध्ये सापडला तरी कुणी तुमच्यावर रागावणार नाही.

---

माई_देशमाने

शर्वरी, तुझ्या बहिणीच्या सासूबाईंसारखीच मी. मला पोहता येत नाही, गुडघे दुखतात. आमच्यासारख्यांनी काय बघायचं?

---

उत्तररात्र

माई, मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत ठरलेल्या जागी जमायचा सराव, मनापासून करा. २०१२ च्या १३ जानेवारीला 'कोस्टा कॉनकॉर्डिया' इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चिव्हिटावेकियाला चढलेल्या प्रवाशांची ड्रिल झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात २४ तासांची मुभा होती. आदळल्यावर जहाज सोडायचा हुकूम सुटायला तासाहून अधिक वेळ गेला. कप्तान फ्रान्चेस्को स्केत्तिनो यांना १६ वर्षांची शिक्षा झाली. २०१५ पासून ड्रिल निघण्याआधी किंवा निघताक्षणी घेणं सक्तीचं आहे.

हल्ली बऱ्याच ठिकाणी व्हिडिओ बघून आपल्या जागी हजेरी लावली की झालं समजतात. तुम्ही तेवढ्यावर थांबू नका. केबिनपासून मस्टरच्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालून बघा, कारण आग लागली तर लिफ्ट बंद. गुडघ्यांचं चढतानाच काउंटरवर सांगा, म्हणजे तुम्हाला आणायला कोण येईल याची नोंद होते. शक्य असेल तर मस्टरच्या डेकजवळची केबिन मागा. सात छोटे आणि एक लांब भोंगा, हा आणीबाणीचा इशारा. रोजची औषधं आणि चष्मा एका छोट्या पिशवीत उशाशी.

---

माई_देशमाने

आभारी आहे बाळा. पिशवीचं आजच करून ठेवते.

---

सुनंदा_वकील

एक राहिलं होतं, दाव्याच्या मुदती. तिकीट म्हणजे करारनामा असतो आणि तो कुणी वाचत नाही. अमेरिकन कंपन्यांच्या तिकिटात सहसा असं असतं, की इजा झाल्यास सहा महिन्यांत लेखी नोटीस, एका वर्षात दावा, आणि तोही मायामीसारख्या ठरलेल्या शहरातल्याच न्यायालयात. न्यायालय ठरवून देणारी अशी अट चालते, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच 'कार्निव्हल विरुद्ध शूट' खटल्यात दिला. अथेन्स करार (समुद्रमार्गे प्रवासी वाहतुकीबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असेल तिथे सर्वसाधारण मुदत दोन वर्षं. त्यामुळे घरी परतल्यावर सावरायला वेळ घ्या, पण वकिलाला पहिल्या महिन्यातच भेटा. जहाजावर सही मागितलेला कोणताही कागद, "फक्त औपचारिकता आहे" म्हणाले तरी, पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. भरपाई म्हणून देऊ केलेल्या पुढच्या सफरीच्या सवलतीबरोबर कधी कधी दावा सोडल्याचा मजकूर असतो.

---

शर्वरी_म

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीने प्रिंट काढून घेतली आहे. जहाजाची नोंदणी माल्टाची निघाली, आणि वाटेतल्या प्रत्येक बंदराच्या देशातल्या वकिलातीचा नंबर तिने कागदावर लिहून घेतला, फोनमध्येही टाकला. तिचा एक शेवटचा प्रश्न आहे. त्यांच्या दोन केबिन शेजारी-शेजारी आहेत, बाल्कनीतली मधली फळी उघडून एकत्र करता येते म्हणे. मग पलीकडच्या अनोळखी केबिनच्या बाजूची फळीही उघडू शकते का?

---

उत्तररात्र

ती फळी विशिष्ट किल्लीने केबिन कर्मचारी उघडतो. अनोळखी बाजूची बंद असायला हवी, पण आधीच्या सफरीत कुणासाठी उघडली असेल आणि नीट लावायची राहिली असेल, असं होऊ शकतं. चढल्यावर ढकलून बघा. हलली तर लगेच लावून घ्या आणि तो लावत असताना तिथे उभे राहा. आतल्या, केबिन जोडणाऱ्या दाराचंही तसंच, दोन केबिनच्या मधलं दार दोन्ही बाजूंनी बंद होतं, आपल्या बाजूची कडी आपण तपासायची. आणि बाल्कनीचं काचेचं दार झोपताना आतून लावायला विसरू नका.

---

शर्वरी_म

कळवते तिला. परत आल्यावर तिचा अनुभव याच धाग्यावर लिहायला सांगेन.